हरकती व सूचना

वरघणे साहेब कुणाच्याही घरची बेल वाजवत नाहीत. फाटकाशी उभे राहतात, घसा खाकरतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "मतदार घरी हायेत काय?"

नव्या माणसाला वाटतं, निवडणूक लागली. मागल्या गल्लीत राहायला आलेल्या एका बाईंनी तर घाईघाईने ओळखपत्र शोधून आणलं होतं. साहेबांनी ते उलटसुलट करून तपासलं, फोटो चेहऱ्याशी जुळवून पाहिला आणि समाधान झाल्यावर पिशवीतून कापडाचे दोन तुकडे काढले. एक जांभळा, एक पोपटी. "मरून चौकटीच्या बाजूले यातला कोनता लावू? विचार करून सांगजा. तुमचं मत अमूल्य हाये."

बाईंनी घाबरून जांभळ्याला मत दिलं. मग आतून नवऱ्याला बोलावून विचारलं, हे गृहस्थ कोण. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. त्याने पोपटीला मत दिलं.

वर्ध्याहून सेवाग्रामकडे निघालं की डाव्या हाताला आत आमचं ले-आऊट आहे. आमच्याकडे शेत मोडून प्लॉट पाडले की त्या वस्तीला कॉलनी वगैरे कुणी म्हणत नाही, ले-आऊटच म्हणतात. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. माणसाच्या आत काय चाललंय ते मला दिवसभर दिसत असतं, त्यामुळे घरी आल्यावर कुणाच्याही आत डोकवायची इच्छा उरत नाही. पण शेजार आपल्याला निवडता येत नाही. आमच्या शेजारी वरघणे साहेब निवडून आले.

साहेबांची सारी नोकरी तहसील कचेरीत गेली, त्यातही निवडणूक शाखेत, आणि शेवटची वर्षं समुद्रपूरला. जन्मभर त्यांनी माणूस असा पाहिलाच नाही. पाहिले ते मतदार. निवृत्तीनंतर कमलकाकू गेल्या आणि घरात त्यांची शिलाई मशीन उरली. काकू वाकळी शिवायच्या. जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे तुकडे जोडून केलेल्या जाड गोधड्या. मशीनचं काय करायचं हे कुणी विचारायच्या आत साहेब स्वतःच तिच्यापुढे जाऊन बसले. कारण विचारलं तर म्हणाले, "कोनतीही यंत्रना निष्क्रिय ठेवता येत नाई."

शिवणकाम त्यांना लवकर आलं. अडचण होती ती निर्णयाची. कुठल्या तुकड्याशेजारी कुठला तुकडा लावायचा, हे एकट्याने ठरवणं साहेबांच्या मते हुकूमशाही होती. म्हणून दर तुकड्याला मतदान. तेही रीतसर. नवरा-बायकोंना एकमेकांसमोर मत देता येत नसे. एकाला स्वयंपाकघरात पाठवायचं. तुकडे दाखवल्यानंतर आचारसंहिता लागायची, म्हणजे "अहो, तो पिवळा बरा दिसतो" असं आतून ओरडायचं नाही. एकदा आमच्या ह्यांनी कंटाळून सांगितलं, "माझं मत नोटाला." ह्यांना वाटलं सुटलो. साहेबांनी दोन्ही तुकडे बाद केले आणि पंधरा मिनिटांनी नवे दोन घेऊन हजर झाले.

अशा कारभारात वाकळ पुढे सरकणार किती? एखादी इमारत परवानग्यांसाठी अडते तशी ती कडेच्या पट्टीवर अडून बसायची. मी ड्यूटीवरून यावं, चहाचं आधण ठेवावं, की फाटकावर खाकरा. आधण ठेवून बाहेर यावं तर साहेब दोन निळे घेऊन उभे. मला दोन्ही सारखेच दिसायचे. तसं म्हटलं की ते मला उन्हात नेऊन दाखवायचे.

शेवटी एका संध्याकाळी हनुमानाच्या देवळासमोर ले-आऊटची गुप्त बैठक झाली. बँकेतून निवृत्त झालेले देवतळे तिथे मोबाईल उंचावून म्हणाले की इलाज सापडला. गोधडीचं डिझाईन करायचं सॉफ्टवेअर निघालंय. तुकडे निवडा, रंग भरा, अख्खी गोधडी पडद्यावर तयार. महिनाभर फुकट वापरायचं, पसंत पडलं तर विकत घ्यायचं. आम्हा सगळ्यांचे डोळे पाणावले. देवतळ्यांनी तर समाजकार्य म्हणून आपला जुना लॅपटॉपसुद्धा साहेबांना देऊन टाकला. याआधी त्यांनी कुणाला काही दिल्याचं ऐकिवात नव्हतं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. सॉफ्टवेअर उघडलं की ते आधी विचारतं, नवीन लेआऊट तयार करायचं का. साहेबांनी हात मागे घेतला आणि देवतळ्यांना बोलावणं पाठवलं. देवतळे धावत गेले तर साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "याचं एन.ए. झालं हाये काय? शेतजमिनीवर मी काही करनार नाई." गोधडीच्या मांडणीलाही लेआऊटच म्हणतात, त्याला अकृषक परवाना लागत नाही, हे पटवण्यात देवतळ्यांची संध्याकाळ गेली. पण पटलं. मग साहेब कामाला लागले आणि फाटकावरचा खाकरा बंद झाला.

काय सुखाचा महिना होता तो. आमच्या घरात चहा उकळून मिळू लागला. लोक अंगणात बसायला लागले, पूर्वी ते साहेबांच्या भीतीने बसत नसत. देवतळे गल्लीतून असे चालायचे जणू ले-आऊटला नळ त्यांनीच आणला. साहेब अधूनमधून खिडकीत दिसायचे, तोंडावर पडद्याचा निळा उजेड. आम्ही बाहेरूनच विचारायचो, "कसं चालू हाये साहेब?" ते म्हणायचे, "सुरळीत." सुरळीत चाललेल्या गोष्टीची पुढे चौकशी करायची नसते.

फुकटचा महिना संपत आला. आता सॉफ्टवेअर विकत घ्यायचं की नाही ते ठरवायचं होतं, आणि एवढा मोठा निर्णय साहेब एकट्याने घेणं शक्यच नव्हतं. देवळाच्या फळ्यावर कागद लागला. त्याचाच फोटो ले-आऊटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला.

"जाहीर सूचना. सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, वाकळीचे आरेखन करणारी संगणक प्रणाली विकत घेण्याचे योजिले आहे. याबाबत कोणाची काही हरकत असल्यास त्यांनी ती रविवारी दुपारी बारा वाजेपर्यंत खाली सही करणाऱ्याकडे समक्ष येऊन नोंदवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही."

कागद पडताक्षणी देवतळ्यांनी उत्तर टाकलं, "काही हरकत नाही." त्यामागे अंगठा. मग रांगच लागली. हरकत नाही, हरकत नाही, बिलकूल हरकत नाही. ज्या बाईंनी ओळखपत्र दाखवलं होतं त्यांनी हात जोडलेली दोन चित्रं पाठवली. आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं, त्यांनीही लिहिलं. मीही लिहिलं. आपल्या भाषेत हरकत नाही म्हणण्याइतकं सोपं दुसरं काही नाही. पायावर पाय पडला तरी आपण तेच म्हणतो.

रविवारी मी पाटोडीचा रस्सा केला होता. जरा जास्त झाला. साहेब एकटे, आणि आता ते मतं मागायला येत नाहीत तर आपणच वाटीभर नेऊन द्यावा, अशी बुद्धी मला त्या दिवशी सुचली. निघेपर्यंत साडेबारा होऊन गेले होते.

फाटक उघडलं आणि थबकले. व्हरांड्यात देवळातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. पुढे टेबल, त्यावर धुतलेली चादर. चादरीवर चहाचा मोठा थर्मास, उपडे ठेवलेले कप, एका ताटात पार्ले बिस्किटं आणि त्यावर जाळीचं झाकण. टेबलामागे वरघणे साहेब इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. ले-आऊटमधलं कुणीही तिथे फिरकलेलं नव्हतं.

"या मॅडम," ते उठले. "मुदत संपली. बारा वाजता निकाल लागला. बिनविरोध."

मी उपडे कप जरा सरकवले. रस्सा टेबलावर ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, सॉफ्टवेअर चांगलं असेल ना. साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर सुंदर वाकळ होती, एकही टाका वाकडा नाही. साहेबांनी मधल्या चौकटीत लाल भरला, शेजारी लाल, त्याच्याशेजारी पुन्हा लाल, आणि सगळ्याभोवती झेंडूसारखा केशरी भरला. निरोगी डोळ्यालाही सोसणार नाही असा तो रंग होता.

"पाहा," ते म्हणाले. "काहीच म्हनत नाई. मी महिनाभर पाह्यलं. कसंबी करा, ते ठीक हाये म्हनते."

मी म्हटलं, मशीनच ती, ती काय म्हणणार.

साहेबांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं, मग सैल केलं. "कमल होती तं एक ठिगळ माह्या मनासारखं लावत नव्हती. मी हिरवं म्हनलं का ती पिवळं. मी इकडं लाव म्हनलं का ती तिकडं. लय भांडन होये आमचं. ऑफिसात मी म्हनो, माह्या घरी विरोधी पक्ष मजबूत हाये. लोकं हासत." त्यांनी झाकण पुन्हा आवळलं. "ती गेली तवापासून घरात सारं बिनविरोधच चालू हाये, मॅडम. म्हनून मी तुमच्याकडं येत होतो. कोनी तं नाई म्हनलं पाहिजे ना मानसाले."

मला फार वाईट वाटलं. जन्मभर दुसऱ्यांच्या मतांची मोजणी करणाऱ्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून, अंगठे दाखवून, एकमताने घरी बसवलं होतं. आणि तो माणूस आमच्यातलं कुणीतरी भांडायला येईल म्हणून बिस्किटं मांडून बसला होता.

पडद्यावर चौकट उमटली. फुकटची मुदत संपली आहे, विकत घ्यायचं का? साहेबांनी चष्मा सावरला आणि बोट पुढे केलं.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. "मले हरकत हाये."

बोट तसंच राहिलं. "कायची हरकत? केशरीची का सॉफ्टवेअरची?"

"दोन्हीची."

"मुदत संपली मॅडम. बारा वाजून गेले."

"मग मुदतवाढ द्या. सरकार देत नाई काय?"

साहेब विचारात पडले. नोकरीत त्यांनी बेकायदा असं काही केलं नव्हतं. "कारन नमूद करा लागन," ते म्हणाले.

मला कचेरीची भाषा येत नाही. जे होतं ते सांगितलं. "तुमी आमच्याकडं येनं बंद होऊन जाईन. हे कारन."

साहेबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. मग परत लावला, पडद्यावरच्या चौकटीत 'नाही' दाबलं आणि लॅपटॉप मिटला. "असं कारन नियमात बसत नाई," ते म्हणाले. "पन घेऊ."

त्यांनी माझ्यासाठी एक कप सुलटा केला, थर्मासमधून चहा ओतला आणि टेबलाखालची पिशवी वर घेतली. तिच्यात खराखुरा केशरी तुकडा होता, कमलकाकूंच्या एखाद्या जुन्या लुगड्याचा असावा. तो त्यांनी चादरीवर पसरला, त्याच्या शेजारी लाल लावला आणि खुर्चीत मागे रेलले.

"आता बोला," ते म्हणाले. "याच्यात वाईट काय हाये?"

मी खुर्ची पुढे ओढली आणि भांडायला बसले.