तपासणीपुरती बंद ठेवलेली गिरणी

सुनेचा संगणक मंदावला आहे, तो भंडाऱ्याच्या दुकानात दाखवावा लागेल, असे माझा मुलगा मनिष म्हणाला. मी चष्मा पुसत म्हणालो, "ज्या घरात वाचणारा मनुष्य आहे, त्या घराला दुकानाची आवश्यकता नसते." (वाचणारा मनुष्य म्हणजे अर्थातच मी. चिखल्याच्या खाणीत हजेरीबाबू असताना मी संगणकावरील एक जाड ग्रंथ दोनदा वाचला होता. त्या काळी खाणीत संगणक नव्हता, ही बाब गौण आहे.)

हार्ड डिस्क हे संगणकाचे कोठार होय. त्यात उंदरांप्रमाणे चुका शिरल्या काय, हे अधूनमधून तपासावे. मात्र तपासणी चालू असता वीज गेल्यास कोठार नष्ट होऊ शकते, असा ग्रंथाचा सक्त इशारा आहे. सून रीना शिक्षिका. तिच्या शाळेचे सारे काम त्याच कोठारात.

ती शाळेत गेल्यावर मी तपासणी सुरू केली. काळ्या पडद्यावर 'अकरा टक्के' उमटले आणि तिथेच थांबले. मी पंखा बंद केला आणि सौभाग्यवतीस, म्हणजे धुरपतास, मिक्सर लावण्यास मनाई केली.

"मंग मसाला कायवर वाटू?"

"पाट्यावर."

"तं या, बसा वाटाले. संध्याकाळी इवाई येऊन राहिले जेवाले, ध्यानात आहे ना?"

ध्यानात होते. इवाई, म्हणजे आमचे व्याही, रीनाचे वडील केशवराव दिघोरीचे. भर लग्नमंडपात ते म्हणाले होते, "चिन्नोर खावा तं दिघोरीचा. तुमच्या आंधळगावात नुसता भात शिजते." तो शब्द मी गिळला होता. आज त्यांना माझ्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, सुवासिक चिन्नोर तांदूळ वाढून मी उत्तर देणार होतो.

इतक्यात शेजारी घनश्यामची भातगिरणी घरघरली आणि आमचा बल्ब काजव्याएवढा झाला. मी तडक गेलो.

"घनश्याम, सायंकाळपर्यंत गिरणी बंद ठेव. माझ्या घरी तपासणी चालू आहे."

"पन बाबूजी, आतमंधी तुमच्याच..."

"माझ्याच कामासाठी सांगतो आहे. हानी झाल्यास भरून देशील काय?"

त्याने मोटर बंद करून कुलूप लावले. "मंग मी तुमसरले जाऊन येतो. पट्टा आनाचाच होता."

(माणसाला मुद्देसूद सांगितले की पटते.)

दुपारी रीना परतली. घामाने निथळणाऱ्या सासऱ्यास तिने पाहिले. मी विजेचा धोका विशद केला. तिने शांतपणे संगणकाची वायर उपसली, तो परातीसारखा हातावर घेतला आणि स्वयंपाकघरात नेला. पडद्यावर अकराचे बारा टक्के झाले.

"लॅपटॉप आहे हा, बाबा. याले बॅटरी आहे. परवा लाइन गेली तं अंगणात यावरच काम करत होती मी. तुमी बाजूलेच पेपर वाचत होते."

(ग्रंथात बॅटरीचा उल्लेख नाही.)

पाट्याशी बसलेली धुरपता म्हणाली, "रीना, गिरणीतून आपला चिन्नोर आन व. सकाळीच धान टाकलं होतं."

"गिरणीले कुलूप आहे, आई."

दोघींनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. घरात उरला होता तो रेशनचा तांदूळ. तो केशवरावांच्या ताटात पडला असता, तर दिघोरीची वाट मला जन्मभर बंद झाली असती.

दिवेलागणीस केशवराव आले. खांद्यावर थैली. "इवाई, रिकाम्या हातानं कसा येऊ? घरचा चिन्नोर आनला." धुरपताने थैली हातोहात आत नेली. घटकाभरात घरभर सुवास दरवळला.

पहिला घास घेऊन केशवराव थबकले. दुसरा घेतला. मग म्हणाले, "इवाई, हारलो मी. असा चिन्नोर आमच्या दिघोरीत नाही पिकत."

आत कुणीतरी खोकले. मी विनयाने मान झुकवली आणि म्हणालो, "जमिनीचा गुण असतो, केशवराव. शिवाय शेतकऱ्याचा व्यासंग."

तेवढ्यात दारातून घनश्यामने डोकावले. "बाबूजी, तुमचा चिन्नोर सकाळपासून मशीनीतच अटकून आहे. आता चालू करू, का तपासणी बाकी आहे?"

केशवरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी ताटाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

लॅपटॉप घेऊन रीना बाहेर आली. "झाली, बाबा. शंभर टक्के. एकही चूक सापडली नाही."