सगुणाकाकूंच्या पुड्या

निगडीत खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी माझं नाव, गाव, नोकरी यातलं काहीच विचारलं नाही. दारातच माझ्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बोट करून त्या म्हणाल्या, "झोप किती वाजता लागती?"

"लागते बारा-एकला."

"लागती, का लागंल म्हनून पडून ऱ्हाती?"

मी परभणीहून तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला आले होते आणि त्या आठवड्यात बऱ्याच खोल्या बघून झाल्या होत्या. लग्न कधी करणार, मित्र येतात का, नॉनव्हेज शिजवणार का, हे सगळ्यांनी विचारलं होतं. झोपेचं कुणी विचारलं नव्हतं. मी खरं उत्तर दिलं. बाई आत गेल्या आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पांढऱ्या पावडरीची पुडी घेऊन आल्या.

"ग्लायसीन हाय. कोमट पान्यात घ्यायचं. खोली वरची. जिना अरुंद हाय, सांबाळून."

अशी मला खोली मिळाली.

सगुणाकाकू मूळच्या इथल्याच. नव्या वसाहतीसाठी प्राधिकरण झालं तेव्हा शेत सरकारकडे गेलं, त्या बदल्यात जो प्लॉट मिळाला त्यावर हे घर. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये काकूंनी वीस वर्षं भाजी चिरली. तिथे एकदा कामगारांसाठी आहारावर भाषण ठेवलं होतं. प्रोटीन पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, त्यांना अमिनो ॲसिड म्हणतात, त्यातली काही झोपेच्या आणि मनाच्या कामाला येतात, असं त्या भाषणवाल्या मॅडमनी सांगितलं. बाकीच्या बायका चहाला उठल्या. काकू मॅडमच्या मागे त्यांच्या गाडीपर्यंत गेल्या.

तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघरात हळद-तिखटाच्या शेजारी आणखी एक फळी आली. तिच्यावर पावडरींचे डबे. मी राहायला आल्यावर डबे मोबाइलवरून मागवायचे आणि त्यांवरचं इंग्रजी मी वाचून दाखवायचं, असं ठरून गेलं. मी वाचायचे, काकू डब्यावर चिकटपट्टी लावून खडूसारख्या जाड अक्षरात लिहायच्या: टिपटोफान. थायनीन. टायरोशीन. प्रत्येकाचा स्वभाव त्यांना पाठ होता.

"थायनीन चहाच्या पानात असतं. शानं हाय, डोकं गार ठिवतं. टायरोशीन लई उद्योगी. ते सकाळीच. सांजच्याला घेतलं तर रातभर भांडी घासत बसशील."

पावडर नसेल तेव्हा त्यांचं दुसरं खातं उघडायचं. दूध, तीळ, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया. "ह्याच्यात बी झोपंचं टिपटोफान हाय," असं म्हणून त्या माझ्या हातावर भोपळ्याच्या बिया ठेवायच्या आणि मी चावून गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. कशावरही त्यांचा शेवटचा शब्द एकच असे, "नॅचरल हाय."

एकदा मी म्हटलं, "काकू, धोतराही नॅचरलच असतो."

तिसऱ्या दिवशी सगळ्या डब्यांवर दुसरी पट्टी दिसली: 'इचारून घ्या'.

पुड्यांनी गुण येत होता का, ते मला आजही सांगता येणार नाही. मला झोप यायला लागली हे खरं. पण ती ग्लायसीननं आली की रोज साडेनऊला जिन्याखालून येणाऱ्या "पोरी, तो फोन आता ठिव" या हाकेनं, ते कळायला मार्ग नाही. गल्लीतला इस्त्रीवाला, समोरच्या सोसायटीतल्या शिक्षिका, सगळे पुडी न्यायला यायचे. आलं की पायरीवर बसायचं आणि काकूंच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. त्याशिवाय पुडी हातात पडत नसे.

माझे आईवडील मला भेटायला आले तेव्हा काकूंनी चहा ठेवता ठेवता बाबांना विचारलं, "झोप लागती का दादा?" माझे बाबा म्हणजे जेवणात मीठ कमी आहे हेसुद्धा न सांगणारा माणूस. ते पाऊण तास बोलले. रिटायर झाल्यापासून पहाटे तीनला जाग येते, मग छताकडे बघत पडून राहतो, जिवाला धाकधूक वाटते, असं सगळं. आई हातातला कप तसाच धरून ऐकत होती. परत जाताना रिक्षात ती मला हळूच म्हणाली, "मला यातलं काहीच माहीत नव्हतं गं."

दुसऱ्या वर्षी माझं जमलेलं लग्न मोडलं. त्याचं कारण इथे सांगण्यासारखं नाही, आणि खरं तर मला नीट सांगितलंही गेलं नाही. मी रडले वगैरे नाही. ऑफिसला जात होते, काम करत होते. फक्त जेवण जाईनासं झालं. झोप तर गेलीच. आंघोळीची बादली भरून तिच्याकडे नुसतीच बघत बसायचे. सकाळ झाली की वाटायचं, आता हा अख्खा दिवस कशाला आला. असे तीन आठवडे गेले. एका रविवारी सकाळी मी खाली गेले आणि म्हटलं, "काकू, टिपटोफानची पुडी द्या. डबल द्या."

काकूंनी डबा उघडला. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग झाकण घट्ट लावून डबा फळीवर ठेवला.

"ह्ये पुडीचं काम न्हाई. उद्या रजा टाक."

"काकू, मला दवाखान्यात वगैरे जायचं नाहीये."

"तुला कुटं इचारलं मी?"

सोमवारी त्यांनी मला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. मानसिक आजारांच्या ओपीडीबाहेर बाकावर आम्ही दोघी दोन तास बसलो. त्या काठापदराची साडी नेसून आल्या होत्या. नंबर आल्यावर आत माझ्याबरोबर आल्या. डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे विचारलं आणि शेवटी, आधीपासून काही औषधं घेता का, म्हणाल्या. मी ग्लायसीन आणि ट्रिप्टोफॅनचं सांगितलं.

"हे कुणी दिलं?"

"म्या," काकू म्हणाल्या.

"मी लिहून देतेय ती गोळी चालू असेपर्यंत ट्रिप्टोफॅन अजिबात द्यायचं नाही. दोन्ही एकत्र घेतलं तर त्रास होऊ शकतो."

मला वाटलं, आता काकू वाद घालणार. त्या फक्त मान हलवून म्हणाल्या, "न्हाई देनार. ती बरी हुईल ना?"

"होईल. वेळ लागेल."

बाहेर औषधाच्या खिडकीसमोर रांग होती. रांगेतच काकू बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता.

"माझी धाकटी बहीन हाय, शांता. तळेगावात दिलीय. तिला असंच झालतं. मी सा महिनं तिला पुड्या दिल्या. तिचा मुलगा म्हनायचा, मावशी, डॉक्टरला दावू. मी म्हनायची, कशाला, नॅचरल हाय, गुन येतोय. मग तिला एक दिवस उचलूनच न्यावं लागलं. दोन महिनं दवाखान्यात व्हती. आता बरी हाय म्हनत्यात. तिच्या घरची मला घरात घेत न्हाईत. त्यांचं बी चुकलं न्हाई."

मी विचारलं, "मग अजून पुड्या का देता?"

रांग दोन माणसं पुढे सरकली.

"पुडी न्यायला मानूस येतं गं. येतं म्हनून त्याचं तोंड दिसतं. नुसतं बसा म्हनलं तर कोन बसतंय? आन मला तोंड कळतं आता. तवा कळलं न्हाई."

गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा उन्हं उतरली होती. काकू म्हणाल्या, "वर जाऊ नगं. हितंच जेव." मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले. दोन वर्षांत मी तिथे चहा शेकडो वेळा प्यायले होते, पण जेवले कधीच नव्हते. काकूंनी तांदळाचा डबा काढला, एक मूठ पातेल्यात टाकली, थांबल्या, आणखी एक टाकली, मग त्यातले थोडे परत डब्यात ओतले. पातेलं हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"दोघींना किती लागत्यात गं?" त्यांनी विचारलं.

मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "दोन वाट्या घाला."

भात फार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी त्याला फोडणी दिली, आणि मी ऑफिसला निघण्याआधी आम्ही दोघींनी बसून तो संपवला.