कृपुकातली कोळंबी

बायकोच्या चळवळीला नवऱ्यानं पाठिंबा द्यावा, असं कोणीतरी म्हणून गेलंय. त्या गृहस्थाची नोकरी त्याच चळवळीत जाणार नसावी.

मी जावा बेटावरच्या सिदोआर्जोतल्या एका कृपुक कारखान्यात माल पाठवणीचा कारकून. कृपुक म्हणजे तळल्यावर टम्म फुगणारा कोळंबीचा पापड. तो नसेल तर जेवण झालं असं आमच्याकडे कोणी धरतच नाही. आमच्या पाकिटावर तळहाताएवढी कोळंबी छापलेली आहे. आत मात्र ती हल्ली नुसती डोकावून जाते. (मालक हांदोयोसाहेब याला ‘काळाची गरज’ म्हणतात.)

हे गल्लीतल्या बायकांना कळलं. कसं? माझी बायको रेत्नो हिनं सांगितलं. तिला कोणी? मी. (जेवताना मला गप्प बसवत नाही.)

“मास, चित्र कोळंबीचं दाखवायचं आणि पीठ विकायचं? शोभतं का हे? उद्यापासून या गल्लीत तुमचं एक पाकीट येणार नाही!” रेत्नो कडाडली. (‘मास’ म्हणजे आमच्याकडचं ‘अहो’.)

आलं नाही. शेजारच्या गल्ल्यांतही नाही. दुकानदार माल परत पाठवू लागले, तेव्हा साहेबांनी मला बोलावलं.

“गुनावान, ही आग तुझ्या घरातून लागलीय. बायकांना घरी बोलव, आपला माल खायला घाल, मी स्वतः येतो. नाही वळल्या, तर तू घरीच बस.”

आपला माल खाऊन कोण वळणार? तेवढ्यात मला सासूबाई आठवल्या. त्या गच्चीवर बांबूच्या सुपांत स्वतःचे कृपुक वाळवतात, आणि कोळंबी घालताना हात आखडत नाहीत. मी त्यांचा डबा गुपचूप उचलला, कारखान्याच्या पाकिटात रिकामा केला आणि बायका नि साहेब जमल्यावर सगळ्यांसमोर पाकीट फोडून कृपुक कढईत सोडले.

घरभर वास सुटला. बायकांनी एकेक उचलला, कुरुम्‌ आवाज झाला आणि सगळ्यांचे हात पुन्हा ताटाकडे! मला वाटलं, जिंकलो.

“हे तर तुमच्या सासूबाईंचे,” शेजारच्या बू तुमिनी, म्हणजे तुमिनीबाई, म्हणाल्या.

“छे! पाकीट बघा ना!”

“पाकीट काय बघायचं? बारसं असो की मयत, या गल्लीत पंगतीला त्यांचेच कृपुक असतात. माझ्या लग्नातही हेच होते.”

(माझ्याही लग्नात हेच होते. तेवढं नेमकं विसरलो.)

“आईचा डबा चोरलात, मास? तोही खोटं झाकायला?” असं म्हणताना रेत्नोला हसू आवरेना. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून साहेबांचा आवाज आला. तोंड भरलेलं होतं. “वडील होते तेव्हा आपल्या कारखान्यात असाच वास यायचा रे.”

“मग असेच बनवा, पाक,” रेत्नो त्यांना म्हणाली. (‘पाक’ म्हणजे आमच्याकडचं ‘साहेब’.) “थोडे महाग पडले तरी घेऊ. नाहीतर पाकिटावरची कोळंबी पुसा.”

साहेबांनी कोळंबी ठेवली, चित्रातही आणि पिठातही. गल्लीत पाकिटं परत आली. माझी नोकरी वाचली, त्या दिवशी रेत्नोचा मला इतका अभिमान वाटला की मी तिला तसं सांगूनही टाकलं.

माल तपासायला साहेबांनी सासूबाईंना नेमलंय. त्यांनी मान डोलावल्याशिवाय एक खोकं हलत नाही, म्हणजे आता कारखान्यातही मी त्यांच्या हाताखाली. (घरी होतोच.) आल्या आल्या त्यांनी नवा नियम केला: संध्याकाळी घरी जाताना फाटकावर डबा उघडून दाखवायचा.

सगळ्यांनी नाही. फक्त जावयानं.