फितीमागचा संडास

अंबूबाई सकाळपासून पाण्याचा घोट प्यायली नव्हती. राजगुरुनगरच्या डॉक्टरने दोनदा बजावलं होतं, भरपूर पाणी प्या, नाहीतर लघवीची जळजळ जायची नाही. पण पाणी प्यायलं की जावं लागणार, आणि चाकणच्या त्या वायरिंगच्या कारखान्यात बायकांचा संडास पार गेटपलीकडे, गोदामामागे. जाऊन यायला बारा मिनिटं, सुट्टी पाचच मिनिटांची. उशिराबद्दल तिला दोन मेमो मिळाले होते. तिसरा मिळाला की काम गेलं.

आणि ती काम करायची त्या लाइनीपासून वीस पावलांवर चार खोल्यांचा नवाकोरा संडास उभा होता. दाराला कुलूप आणि आडवी लाल फीत.

हा संडास परदेशी कायद्याने बांधला होता. इथला माल घेणाऱ्या कंपनीच्या देशात नियम झाला होता, की माल बनवणाऱ्या कामगारांचे मानवी हक्क पाळले जातात का, ते बघायचं. तक्रारीचा पत्ता भिंतीवर लागला. अंबूबाईने मुलीकडून, तनुजाकडून, चार ओळी लिहवून पाठवल्या. महिन्याभरात हुकूम आला, पंधरा दिवसांत बांधकाम झालं. एचआरच्या निरंजन साहेबांनी सहीच्या पत्रासोबत फोटो पाठवला आणि तिकडे तक्रार मिटली.

मग साहेबांना वाटलं, उद्घाटन रणजीतभाऊंच्या हस्ते व्हावं. भाऊ गावचे पुढारी. कारखान्याच्या गाड्या, कँटीन सगळ्याचं कंत्राट त्यांच्याकडे. आधी पितृपक्ष आडवा आला, मग दिवाळी, मग निवडणुकीची आचारसंहिता. भाऊंचा निरोप आला, "निकालानंतर बघू. तवर कुणाला हात लावू देऊ नका."

"साहेब, ह्यो संडास हाय का देऊळ?" अंबूबाईने विचारलं.

"थोडी कळ काढा, मावशी."

"आन् तीन महिने काय करतोय आमी?"

त्या रात्री तनुजाने दुसरं पत्र लिहिलं. "संडास मिळाला, आभारी आहोत. आत जायची परवानगी कधी मिळेल?"

यावेळी हुकूम आला नाही. माल घेणाऱ्या कंपनीच्या परदेशी मॅडम स्वतःच आल्या.

निरंजनने धावपळ करून भाऊंकडून किल्ली आणली. कुलूप निघालं. फितीला मात्र हात लावायची त्याची छाती होईना. आकुर्डीहून मैत्री नावाची दुभाषी मुलगी बोलावली होती. आल्या आल्या लाइनीवरच्या बायकांनी तिला सगळी कहाणी सांगितली होती. तिला त्याने बाजूला घेतलं. "बायका काहीही बोलू देत, त्या समाधानी आहेत एवढंच सांगायचं."

मॅडमनी फितीकडे बोट दाखवलं.

"हे काय आहे, विचारताहेत," मैत्री म्हणाली.

"सांग, आमची परंपरा."

तेवढ्यात अंबूबाई लाइनीवरून उठली. हातातल्या वायर कापायच्या कटरने तिने फीत कचकन कापली, आत शिरली आणि कडी लावली.

"अंबूबाई! बाहेर या!" निरंजन ओरडला. "हा तिसरा मेमो समजा!"

"द्या की! दाराखालून सरकवा!" आतून आवाज आला. मग जरा थांबून, "आन् साहेब, नळाला पानी न्हाई हो! तुमच्या तोंडाचा नळ तेवढा जोरात चालू हाय!"

फोटोत पाणी दिसत नाही, म्हणून पाइप जोडलाच नव्हता.

"काय म्हणाल्या त्या?" मॅडमनी विचारलं असावं, कारण निरंजन घाईने म्हणाला, "सांग, समाधानी आहे."

मैत्रीने बंद दाराकडे पाहिलं. मग ती बोलू लागली आणि बराच वेळ बोलत राहिली.

"एवढं कुठं बोलल्या त्या?"

"त्या थोडक्यात बोलल्या, सर. मी सविस्तर सांगितलं. पितृपक्षापासून." मॅडम वहीत भराभर लिहीत होत्या. "आणि मॅडमना तिन्ही मेमो बघायचेत. तिसरा तुमच्या सहीचा."

"तिसरा कसला? तिसरा दिलाच नाही! पहिले दोनही मागे घेतो, सांग त्यांना."

"सांगते. त्या विचारताहेत, पाणी कोण आणणार?"

निरंजनने शिपायाला हाक मारली. मॅडमनी नकारार्थी मान हलवून फोटोसोबतचं पत्र पुढे केलं आणि त्याखालच्या त्याच्या सहीवर बोट ठेवलं. "ज्याची सही, त्यानेच आणायचं, म्हणताहेत," मैत्री म्हणाली.

निरंजनने टाय खिशात कोंबला आणि कँटीनमधून बादली भरून आणली. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. दार किलकिलं झालं, बादली आत गेली. घाम पुसत तो मागे वळला, तर सगळी लाइन बंद पडलेली आणि दारापासून अडतीस बायकांची रांग.

"सावकाश आणा, साहेब," पुढची गोजाबाई पदर खोचत म्हणाली. "पर खोल्या चार हायत, तवा एका खेपेला चार बादल्या आणा."