गेनबा रेड्याची भरपूर विश्रांती

एका जंगलात सगळ्यांना सगळं हवं असे, आणि तेही आजच्या आज. घाटावरच्या माकडांना खालचं मीठ लागे. घाटाखालच्या अस्वलांना वरचा मध लागे. मिठाला आणि मधाला पाय नसतात, हे मुलांनो, तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच. त्यामुळे ते दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवरून जात.

त्यातली एक पाठ गेनबा रेड्याची होती. माल तरसशेठचा. तरसशेठ म्हणजे साधा तरसच, पण त्याच्याकडे पुष्कळ जनावरं कामाला होती, म्हणून शेठ. गेनबा घाट चढायचा, उतरायचा आणि परत चढायचा. घरी त्याची बायको होती, तानी म्हैस. तो आला की ती त्याच्यापुढे चारा टाकायची, आणि दोन घास खाऊन तो चारा तोंडात असतानाच झोपायचा. मग तानी त्याच्या तोंडातल्या काड्या हळूच काढून घ्यायची. त्यांच्या संसारात बोलणं असं फारसं उरलं नव्हतं.

एके दिवशी एक गाढव चालता चालता झोपलं आणि घाटाच्या वळणावरून खाली आलं. ते नेमकं सिंहमहाराजांच्या गुहेसमोर पडलं. महाराजांची दुपारची झोप मोडली. गाढवाचं पुढे काय झालं, असं मागून कुणीतरी विचारतंय. मला ठाऊक नाही. दरबारात चर्चा झाली ती फक्त झोपमोडीची.

महाराज चिडले, पण ते न्यायी होते. ओझी वाहणाऱ्यांना विश्रांती मिळालीच पाहिजे, नाहीतर ते कुठेही पडतील, असं त्यांनी जाहीर केलं आणि एक समिती नेमली. विश्रांतीतला जाणकार शोधायला वेळ लागला नाही. अध्यक्षपदी अजगराची निवड झाली. तो मागच्या पावसाळ्यापासून जागचा हलला नव्हता. सदस्य म्हणून एक कासव घेतलं होतं, ते अजून बैठकीला पोचायचं आहे.

ओझी वाहणाऱ्यांचंही म्हणणं ऐकावं, म्हणून गेनबाला बोलावणं धाडलं होतं. पण तो मधाच्या वखारीपुढे, माल उतरवायच्या रांगेत होता. त्यामुळे त्याच्यावाचूनच काम उरकलं.

अजगराने नियम केला. सकाळपासून सावली पायाखाली येईपर्यंत जो चालेल, त्याने पुढे तेवढाच वेळ विश्रांती घ्यावी. कमी घेतली तर मालकाला दंड. जास्त घेतली तर जनावराला दंड, कारण आळस माजता कामा नये. आता विश्रांती म्हणजे नक्की काय, असा प्रश्न महाराजांनी विचारला. अजगराने बराच वेळ डोळे मिटून विचार केला. दरबाराला वाटलं, झोपला.

"विश्रांती म्हणजे न चालणे," तो म्हणाला.

इतकं सोपं उत्तर ऐकून दरबाराने माना डोलावल्या. ओझी वाहणाऱ्यांनाही फार आनंद झाला. गेनबाने घरी जाऊन तानीला सांगितलं की आता दुपारी झाडाखाली आडवं व्हायला मिळणार. तानी म्हणाली की मग रात्री जेवताना जागे राहाल. दोघांनाही त्याची थोडी लाज वाटली, इतकं ते सुख मोठं होतं.

नियम पाळला जातो की नाही, हे बघायला घाटाखालच्या नाक्यावर बगळा नेमला. बगळेसाहेब कडक होते. ते स्वतः एका पायावर उभे राहून झोपत, त्यामुळे चार पायांवर उभं राहणं म्हणजे त्यांच्या लेखी चैनच होती.

नाक्याला लागूनच मधाची वखार होती. तिथला कारभार घुशीकडे होता. घूस एकेक पोळं हुंगून आत घेई, मधेच जेवायला जाई आणि जेवून आल्यावर कुठपर्यंत हुंगलं होतं ते विसरे. त्यामुळे रांग लांबच लांब. पाठीवरचा बोजा उतरवायचा अधिकार फक्त वखारीच्या माकडांना होता. बसलं तर मध सांडे. बाजूला झालं तर नंबर जाई. म्हणून सगळे उभ्या उभ्या डुलकी घेत, आणि रांग सरकली की मागचा पुढच्याला शिंगाने ढोसे.

नियम लागू झाला त्या दिवशी गेनबा असाच दुपारपासून रांगेत होता. कलत्या उन्हात एकदाची पाठ मोकळी झाली. तो समोरच्या वडाखाली गेला आणि पुढचे गुडघे टेकणार, इतक्यात बगळेसाहेब उडत आले.

"कुठं निघालास?"

"सायेब, इश्रांती घ्यायची न्हवं का? जरा पडतो."

"ती तर तू घेतलीस. दुपारपासून घेतोयस. उलट थोडी जास्तच झालीय."

गेनबाने विचारलं की कधी घेतली. साहेबांनी विचारलं की रांगेत तू चालत होतास का. गेनबा खोटं बोलत नसे. मधूनमधून पाऊलभर सरकत होतो, म्हणाला. ते पाऊलभर साहेबांनी उदारपणे सोडून दिलं.

तरसशेठ तिथेच होता. त्याने या नियमाचं तोंड भरून कौतुक केलं. आधी त्याला धास्ती वाटत होती, पण एवढा चांगला नियम त्याने आजवर पाहिला नव्हता. दिवसभर आराम केलेलं जनावर रिकामं कसं ठेवायचं, म्हणून त्याने गेनबाच्या पाठीवर मिठाच्या गोण्या चढवल्या आणि नेहमीपेक्षा एक जास्त चढवली.

असं बरेच दिवस चाललं. दिवसा विश्रांती आणि रात्री घाट. गेनबा आता चारा तोंडात घेण्याआधीच झोपू लागला. तानीला भीती वाटू लागली. ती एकदा नाक्यावर गेली आणि तिने बगळेसाहेबांना विनवलं की यांना एक दिवस तरी आडवं होऊ द्या. साहेबांनी तिला समजावलं की सगळ्या जंगलात सगळ्यांत जास्त विश्रांती तिच्याच नवऱ्याची भरते. महाराजांच्या हस्ते त्याचा सत्कार करायचंही चाललं आहे. मात्र त्यासाठी त्याला उभं राहावं लागेल.

सत्काराआधीच ते झालं. एका पहाटे गेनबा घाटाच्या वळणावर आला. वळण वळलं, गेनबा वळला नाही.

तो मेला नाही, मुलांनो, एवढं मी तुमच्यासाठी केलंय. मधल्या कपारीत करवंदीच्या जाळीवर तो अडकला. गोण्या फुटल्या, पुढचा पाय मोडला, आणि पाय मोडलेला असतानाही तो तिथेच गाढ झोपला. तानी धावत गेली. तिने त्याला उठवलं नाही. ती त्याच्या तोंडाशी बसून रडली. उठवायला येणाऱ्यांना ती शिंगं दाखवत होती.

चौकशी झाली. अजगर होता तिथूनच त्याने ती पूर्ण केली. तानीला साक्षीला बोलावलं.

"तुझा नवरा रोज दुपारी काय करायचा?"

"रांगंत उभे असायचे, सायेब. पाठीवर बोजा असायचा."

"पण चालत नव्हता ना?"

"न्हाई."

"मग झालं तर."

"तुमी कदी पाठीवर काय घेऊन उभं ऱ्हायलाय का, सायेब?"

अजगराने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याला पाय नाहीत. हे खरंच होतं, त्यामुळे साक्ष तिथेच संपली.

निष्कर्ष असा निघाला. थकव्याने अपघात होणं शक्यच नव्हतं, कारण गेनबाला भरपूर विश्रांती मिळत होती. तेव्हा अपघात विश्रांतीनेच झाला असणार. अति आरामाने जनावर सुस्तावतं. म्हणून विश्रांती निम्मी करण्यात आली. कपारीत जो झोपला होता, त्याबद्दल गेनबाला दंडही झाला. तरसशेठने मोठ्या मनाने तो भरला आणि त्याच्या वसुलीसाठी घरातलं दुसरं कुणी कामाला येईल का, अशी चौकशी केली.

घरात दुसरं कुणी म्हणजे तानीच होती.

आता मिठाच्या गोण्या तिच्या पाठीवर असतात. गेनबा मोडका पाय पसरून अंगणात पडून असतो. झाड आहे, सावली आहे, चारा पुढ्यात आहे, ढोसायला कुणी नाही. त्याने मागितलं होतं ते सगळं त्याला मिळालं. पण त्याला झोप येत नाही. तानी वळणावर असेल, या विचाराने तो रात्र रात्र घाटाकडे कान लावून जागा असतो.

बगळेसाहेब परवा त्याच्या अंगणावरून उडत गेले. गेनबा अजिबात चालत नव्हता. साहेबांनी दरबारात कळवलं की नियम उत्तम चालू आहे, आणि महाराज ते ऐकता ऐकता झोपी गेले.

तात्पर्य : मुलांनो, विश्रांतीचे नियम नेहमी झोप झालेल्यांनीच करावेत. थकलेल्यांना विचारू नये. ते बिचारे एकतर रांगेत असतात, नाहीतर दरीत.