माडीवरचं सोवळं

माघ सरत आला आणि शेषाद्रीरावांच्या तोंडाला विश्रांती उरली नाही. सकाळची कॉफी हातात पडली की बातम्या सुरू व्हायच्या. "भामा, आज भोपळ्याच्या पानावर दंव नाही." "भामा, शेवगा फुलला, पण मधमाश्या नाहीत." "भामा, कडुलिंबानं पानं टाकली, उन्हाळा लवकर येणार." ट्रेझरीतून निवृत्त होईपर्यंत हा माणूस घरात दिवसाकाठी चार वाक्यं बोलत असे. आता तंजावरात राजवाड्यामागच्या त्या गल्लीत कुठं पान हललं तरी त्याची खबर स्वयंपाकघरात पोचायची. भामाबाई "हं" म्हणत. कधीकधी त्यांचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच म्हणत.

यंदा बाग परसातून माडीवर, म्हणजे घराच्या गच्चीवर, चढली होती आणि भांडणाचं मूळ तेच होतं. तमिळ मासी महिना लागला की माडीवर भामाबाईंचे वडाम वाळायचे. वडाम म्हणजे तांदळाच्या पिठाचे, आपल्या कुरडयांच्या नात्यातले. ते सोवळ्यात घालायचे, म्हणून त्या दिवसांत सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत माडीवर दुसऱ्या कोणी पाऊल टाकायचं नाही, असा सासूबाईंच्या वेळेपासूनचा नियम. शेषाद्रीराव तो निमूट पाळत आले होते. पण त्यांच्याकडे नवीनच केबल आली, तिच्यावर कुणा परदेशी माणसाची गच्चीवरची बाग दिसली, आणि ह्यांनी चकचकीत पाकिटातलं संकरित बी आणून थंडीत माडीवर फ्लॉवर लावला. तंजावरात फ्लॉवर. घ्या आता.

"आता टोमॅटो, दोडका, काकडी," ते म्हणाले. "उन्हाळ्याला सगळी माडी हिरवी करून टाकतो."

"आणि माझे वडाम?"

"परसात घाल की."

"परसात. कावळ्यांना पंगत वाढायची होय?"

शेवटी तह झाला. मोहल्ल्यातल्या गृहोद्यान मंडळाची स्पर्धा जवळ आली होती. बक्षीस मिळालं तर माडी बागेची. नाही मिळालं तर कुंड्या खाली आणि माडी वडामांची. भामाबाई ताबडतोब कबूल झाल्या, कारण फ्लॉवरला नुसती पानंच पानं आली होती. ऊन लवकर तापलं आणि गड्डा काही धरला नाही.

परीक्षणाच्या दिवशी सकाळी त्या धुणं वाळत घालायला वर गेल्या तर कोपऱ्यातल्या कुंडीत पांढराशुभ्र गड्डा बसलेला. आदल्या संध्याकाळपर्यंत तिथं काही नव्हतं. त्यांनी बोट लावून पाहिलं. गड्डा डुगडुगला. खाली झाडूची हीर खोचलेली दिसली.

"उटीचा आहे ना हा? बाजारातला?" त्यांनी खाली येऊन विचारलं.

"हळू बोल. लांबूनच दाखवायचा आहे," शेषाद्रीराव म्हणाले, आणि दारावर थाप पडली.

परीक्षक जवळच्या ओरत्तनाडू गावाहून आले होते. नाव मुरली, गोल चेहरा, गोल पोट, स्वभावानं अगदी गरीब. शेषाद्रीरावांनी तमिळमध्ये तोंड भरून स्वागत केलं आणि तिघं जिना चढू लागले.

तंजावरच्या मराठी घरांची एक जुनी सोय आहे. भाजीवाला असो, डॉक्टर असो, घरमालक असो, परक्यासमोर भांडायचं ते मराठीत. तोंडावर हसू ठेवायचं, आवाज मधाळ ठेवायचा आणि काय ते बोलून घ्यायचं. समोरच्याला वाटतं, किती गोडीचं घर आहे.

"ह्यास त्या कोपऱ्यात नेलंत तर मी स्वतः ते फूल उपटून ह्याच्या हातात देईन," भामाबाई हसत म्हणाल्या.

"तू नुसती हसत राहा," शेषाद्रीराव त्याहून गोड हसले. "डोळे बारीक आहेत त्याचे. लांबून बघेल आणि जाईल."

"डोळे बारीक, पोट नव्हे. कसा धापा टाकतो आहे बघा. जिन्यातच बसला तर उचलायचं कोणी?"

मुरलींनी दोघांकडे कौतुकानं पाहिलं आणि मान डोलावली.

वर येऊन ते नेमके कोपऱ्याकडे निघाले. "कॉलिफ्लॉवर? तंजावरात?" म्हणत वाकले. शेषाद्रीराव मध्ये उभे राहिले, तर ते दुसऱ्या बाजूनं वाकले आणि त्यांनी एक पान हलकेच बाजूला केलं. गड्ड्यानं सावकाश मान वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"माती भुसभुशीत आहे, सार," शेषाद्रीराव तमिळमध्ये म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"सांगा की त्यास, सूर्य जिकडं जाईल तिकडं बघतो म्हणून," भामाबाई मराठीत म्हणाल्या. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांचं मन द्रवलं. आपण हवं ते बोलावं, पण परक्यानं ह्यांची फजिती करावी हे त्यांना सोसणार नव्हतं. "सार, कॉफी निवते आहे," त्या तमिळमध्ये म्हणाल्या आणि परीक्षकांना जवळजवळ ओढत खाली घेऊन आल्या.

खाली कॉफी आली, बरोबर गरम तळलेले वडाम आले. मुरली खुशीत आले. "तुम्ही मघाशी मराठी बोलत होता ना?" त्यांनी विचारलं. "माझी आजी मराठी. ह्याच भागातली. माझं लहानपण तिच्यापाशीच गेलं."

शेषाद्रीरावांच्या हातातला पेला तसाच राहिला. भामाबाईंना आपण पोटाबद्दल काय काय बोललो ते शब्दन् शब्द आठवलं. मग शेषाद्रीराव उठून उभेच राहिले.

"सार, मला माफ करा. फूल बाजारातलं आहे. हीर खोचून बसवलं. आणि हिनं जे काही म्हटलं ते मनावर घेऊ नका, तुमची तब्येत उत्तम आहे."

मुरली चांगलेच गोंधळले. "काय म्हटलं त्यांनी?"

"तुम्हाला कळलं नाही?"

"छे हो. आजी मराठीत फक्त रागवायची. दुसरं सगळं तमिळमध्ये. रागवण्यातलं मला थोडं कळतं. तुम्ही दोघं इतकं प्रेमानं बोलत होता की एक अक्षर समजलं नाही." मग त्यांचा चेहरा पडला. "पण आता फुलाचं कळलं. बक्षिसाचं अवघड आहे, सार."

"बरोबर आहे," शेषाद्रीराव खाली बसत म्हणाले.

वातावरण हलकं करावं म्हणून मुरलींनी आणखी एक वडाम उचलला. "हे मात्र छान. ओवा घातलेले. पापनाशमला बसस्टँडसमोर एक मामी विकतात, तिथलेच ना? आमच्या घरी तेच येतात."

भामाबाई रिकामा पेला उचलून आत गेल्या, आणि परीक्षक निरोप घेऊन जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

दार लावून शेषाद्रीराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. "पापनाशमचे?"

"हं."

"कधीपासून?"

"तुम्ही रिटायर झाल्यापासून."

"म्हणजे माडीवर काही वाळतच नव्हतं. मग सोवळं नेसून दिवसभर वर करायचीस काय?"

"बसायचे."

"नुसती?"

"नुसती. सोवळ्यात असले म्हणजे तुम्ही वर येत नव्हता." भामाबाई पातेलं घासत राहिल्या. "वर्षातले तेवढे दिवस मला कुणी दंवाचं सांगत नव्हतं, मधमाश्यांचं सांगत नव्हतं. कान निवत माझे. म्हणून हवी होती माडी."

शेषाद्रीरावांना लागलं. वाईट वाटलं आणि रागही आला. पण आजच्या दिवशी खोटेपणावरून कुणाला बोलायची त्यांना सोय उरली नव्हती. ते वर गेले आणि एकेक कुंडी खाली आणू लागले. संध्याकाळपर्यंत माडी मोकळी झाली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी परसात वाफे केले. एका कडेला टोमॅटो, विहिरीजवळ दोडका, भिंतीलगत काकडी. तोंड मिटून, अगदी ठरवून. भामाबाई आता उजळ माथ्यानं, सोवळंबिवळं न नेसता, वर चटई टाकून बसत. पहिला दिवस फार छान गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी कठड्यावरून आवाज आला.

"अहो, ते आळं वाकडं झालं."

शेषाद्रीरावांनी आळं सरळ केलं.

"दोडक्यास मांडव कोण घालणार? आणि ती काकडी उन्हात काय म्हणून लावलीत? विहिरीवर मुंग्या चढताहेत बघा, पाऊस येईलसं दिसतं."

शेषाद्रीराव कुदळ टेकून उभे राहिले. त्यांनी वर पाहिलं.

"भामा, तू बसायला गेली होतीस ना?"

"बसलेच आहे," भामाबाई म्हणाल्या. "इथून सगळं दिसतं, त्यास मी काय करू? आणि हं म्हणत जा मधूनमधून. ऐकताय की नाही ते कळायला नको?"

"हं," शेषाद्रीराव म्हणाले.