कापसातला राक्षस आणि संक्रांतीचं वाण

जेवणाच्या सुट्टीत पितांबरनं नवं मासिक उघडून शालिग्रामच्या डब्याशेजारी ठेवलं आणि शालिग्रामच्या घशात भाकरीचा घास अडकला. पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘कापसातला राक्षस’. खाली चक्क पितांबरचं नाव.

धुळ्याच्या त्या कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत दोघं कारकून समोरासमोर बसत. पण लेखक म्हणवून घ्यायचा तो एकटा शालिग्राम. उडत्या विहिरी, बोलणारी घुबडं, शापित राजकन्या यांच्या गोष्टी तो वर्षानुवर्षं ह्याच मासिकाला पाठवी आणि त्या पुण्याची हवा खाऊन ‘साभार परत’ येत. पितांबरनं जन्मात एकच गोष्ट लिहिली. तीही शालिग्रामच्या कागदांवर, मासिकाचा पत्ता त्यालाच विचारून. कापसाच्या गंजीत राहणाऱ्या राक्षसाच्या नाकात कापूस जातो आणि तो शिंकतो, बस, एवढीच गोष्ट!

“भाऊ, तुमच्यामुळेच झालं बरं का हे,” पितांबर म्हणाला.

“छान, छान,” शालिग्राम म्हणाला. तो राक्षस त्या घडीला भेटला असता, तर शालिग्रामनं त्याला पितांबरच्या घरचा पत्ता दिला असता.

आता गाव हे वाचणार आणि पितांबरला लेखक म्हणणार. तर मग गावानं वाचूच नये! संध्याकाळी शालिग्राम बस स्टँडवर बन्सीलालच्या स्टॉलला गेला आणि होते नव्हते तेवढे अंक उचलून आला. पलंगाखालच्या ट्रंकेत कोंबले, वर गोधडी घातली. त्या रात्री त्याला छान झोप लागली.

दोन दिवसांनी जातो, तर स्टॉलवर नवा गठ्ठा!

“भाऊ, बठ्ठा अंक खपी गयात!” बन्सीलाल हरखून म्हणाला. “मी आखो मांगाडात!”

शालिग्रामनं तेही उचलले. मग बन्सीलालनं त्याहून मोठा गठ्ठा मागवला. शालिग्रामनं दात खाऊन तोही घरी नेला. ट्रंकेचं झाकण लागेना.

संक्रांत झाली. एका संध्याकाळी तो कचेरीतून परतला, तर दारात ही चपलांची रास. हळदीकुंकवाला आलेल्या बायका बाहेर पडत होत्या. प्रत्येकीच्या एका हातात तिळगूळ आणि दुसऱ्या हातात... तोच अंक!

“अहो, किती मोठं मन तुमचं!” त्याची बायको लताबाई म्हणाली. “दरवर्षी मेल्या त्या चाळण्या नि साबणदाण्या लुटायच्या. यंदा गोधडी काढायला ट्रंक उघडली, तर हे एवढे अंक! दोस्ताच्या कौतुकासाठी आणून ठेवले नि बायकोला पण पत्ता नाही?”

“सगळे वाटले?”

“सगळे! पुष्पाबाईनं तर माहेरी शिरपूरला पाठवायला दोन जास्तीचे नेले.”

आठवडाभरात गल्लीतलं पोर न् पोर राक्षसासारखं शिंकायला लागलं. बायकांनी संपादकांना कार्डं टाकली, राक्षसाची पुढची गोष्ट कधी? पितांबर कचेरीत सगळ्यांसमोर शालिग्रामच्या पाया पडला. शालिग्रामला हसावं लागलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

महिनाअखेरीस जळगावच्या लग्नाला निघालेले संपादक वाट वाकडी करून थेट कचेरीत उतरले. पितांबरनं ओळख करून दिली.

“शालिग्राम म्हणजे उडत्या विहिरीवाले?” संपादकांनी त्याचा हात धरला. “काय गोष्ट आहे हो! मार्चच्या अंकात घ्यायची अगदी नक्की केली होती.”

शालिग्रामला पायाखालची फरशी लागेना. इतक्या वर्षांत हे शब्द तो मनातल्या मनात ऐकत आला होता.

“होती?” त्यानं विचारलं.

“अहो, मध्येच धुळ्याहून ही मागणी! गठ्ठेच्या गठ्ठे खपले. वर ही कार्डं. अद्भुतकथेला आमच्याकडे पानं चारच. ती आता वर्षभर पितांबररावांची.” त्यांनी पिशवीतून शालिग्रामच्याच अक्षरातलं जाडजूड पाकीट काढलं. “म्हटलं, येतोच आहे तर हातीच द्यावं.”

“साहेब, ते अंक कोणी घेतले माहीत आहे?” पितांबर पुढे सरसावून म्हणाला. “ह्या माझ्या भावानं! एकूण एक!”

संपादक थक्क झाले. त्यांनी खिशातून पेन काढलं.

“वा! मग पुढच्या महिन्यापासून ह्यांच्या नावानं किती पाठवू?”

शालिग्रामनं घाईघाईनं हात जोडले.

“भिडस्त आहेत हो ते,” पितांबर डोळे पुसत म्हणाला. “शंभर लिहा.”